एक्सपोर्ट झालं, पण प्रकरणच गायब! ऑर्ग-मोडमध्ये जोडलेल्या फाइल्स नेमक्या कुठे अडकतात?

प्रबंध पाच प्रकरणांचा. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, आणि त्या सगळ्यांना एकत्र बांधणारी एक मुख्य फाइल. एक्सपोर्टची कळ दाबली, पीडीएफ तयार झाली, कुठेही एररचा मेसेज दिसला नाही. प्रिंट निघाली, बाइंडिंग झालं, प्रत विभागात जमा झाली आणि मग गाईडने विचारलं, "तिसरं प्रकरण कुठे आहे?"

साध्या टेक्स्ट फाइल्समध्ये लिहून त्यांची पीडीएफ किंवा वेबपेज बनवणाऱ्या अनेकांवर थोड्याफार फरकाने अशी वेळ येते. फाइल सापडली नाही म्हणून संगणकाने आरडाओरडा केला तर ते परवडतं. खरा त्रास होतो तो काहीही न बोलता मजकूर गळून पडतो तेव्हा. हे का होतं आणि कसं शोधायचं, ते इमॅक्सच्या ऑर्ग-मोडच्या उदाहरणाने पाहू.

ऑर्ग-मोड म्हणजे काय?

इमॅक्स हा जुना टेक्स्ट एडिटर. त्याची मुळं १९७० च्या दशकातल्या एमआयटीत आहेत, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी लिहिलेला जीएनयू इमॅक्स १९८५ साली बाहेर आला. त्यावर चालणारा ऑर्ग-मोड कार्स्टेन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःची टिपणं आणि कामं नीट ठेवण्यासाठी लिहायला घेतला. २००७ साली आलेल्या इमॅक्स २२ पासून तो इमॅक्ससोबतच मिळतो.

यात लिहायचं ते साध्या टेक्स्टमध्ये. ओळीच्या सुरुवातीला एक तारा म्हणजे मुख्य मथळा, दोन तारे म्हणजे उपमथळा. लिहून झालं की कंट्रोल-सी, कंट्रोल-ई दाबून एक्सपोर्टचा मेनू उघडायचा आणि पीडीएफ, एचटीएमएल किंवा ओडीटी यातलं हवं ते निवडायचं. संशोधक, प्राध्यापक, प्रोग्रामर आणि मोठे दस्तऐवज लिहिणाऱ्या लेखकांमध्ये तो वापरला जातो.

मोठं लेखन एका फाइलमध्ये ठेवणं जिकिरीचं होतं. म्हणून मुख्य फाइलमध्ये अशी ओळ लिहितात:

#+इन्क्लूड: "प्रकरण३.ऑर्ग"

(या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या असतात.) या ओळीचा अर्थ साधा आहे: एक्सपोर्ट करताना इथे त्या फाइलचा मजकूर आणून टाक.

पडद्यामागे काय घडतं?

एक्सपोर्टचा आदेश मिळाला की ऑर्ग मुख्य फाइलची एक तात्पुरती प्रत बनवतो. त्या प्रतीत जिथे जिथे इन्क्लूडची ओळ असेल, तिथे ती ओळ काढून डिस्कवरच्या फाइलचा मजकूर चिकटवतो. त्या फाइलमध्ये आणखी इन्क्लूड असतील तर तेही उलगडतो. मग दस्तऐवजातले कोडचे तुकडे चालवतो, शीर्षक आणि इतर सेटिंग वाचतो आणि शेवटी रूपांतर करतो.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढचे बहुतेक घोळ आपोआप उलगडतात. चिकटवण्याचं काम सगळ्यात आधी होतं. आणि ते खरोखरच चिकटवणं असतं. एकदा मजकूर आत आला की तो कुठल्या फाइलमधून आला हे पुढच्या टप्प्यांना जवळपास कळत नाही.

फाइल सापडतच नाही

सगळ्यात सोपी अडचण हीच, कारण इथे ऑर्ग बोलतो. "कॅनॉट इन्क्लूड फाइल" असं म्हणून तो एक्सपोर्ट तिथेच थांबवतो आणि कोणती फाइल ते सांगतो. पण हा मेसेज इमॅक्सच्या अगदी तळाच्या ओळीत येतो आणि पुढची कळ दाबली की निघून जातो. घाईत तो दिसतच नाही. फोल्डरमध्ये मात्र कालची पीडीएफ तशीच पडलेली असते. माणूस ती उघडतो आणि म्हणतो, "एक्सपोर्ट झालं, पण नवीन प्रकरण आलं नाही." प्रत्यक्षात एक्सपोर्ट झालेलंच नसतं. म्हणून मजकूर गायब दिसला की पहिलं काम म्हणजे पीडीएफ फाइलची वेळ पाहणं. ती आताची नसेल तर बाकी कशाचाही शोध घेऊ नका, आधी एरर वाचा. मेसेज निघून गेला असेल तर कंट्रोल-एच आणि मग ई दाबल्यावर मेसेजांची यादी उघडते.

पत्ता चुकण्याची कारणं ठरलेली आहेत. फाइलच्या नावात स्पेस असेल आणि अवतरण चिन्हं नसतील तर ऑर्ग पहिल्या शब्दालाच नाव समजतो. मॅक आणि विंडोजवर नेहमीच्या सेटिंगमध्ये कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक केला जात नाही, लिनक्सवर केला जातो. त्यामुळे स्वतःच्या लॅपटॉपवर नीट चाललेला प्रबंध विद्यापीठाच्या लिनक्स मशीनवर अडतो.

फोल्डरचा गोंधळ याहून जास्त होतो. समजा मुख्य फाइल "प्रबंध" या फोल्डरमध्ये आहे. तिने "प्रकरणे" या उपफोल्डरमधली तिसऱ्या प्रकरणाची फाइल जोडली, आणि त्या फाइलने पुढे एका कोष्टकाची फाइल जोडली. कोष्टकाचा पत्ता कुठून मोजायचा? ऑर्गमध्ये तो ज्या फाइलमध्ये ओळ लिहिली आहे तिथून, म्हणजे "प्रकरणे" फोल्डरपासून मोजला जातो. लाटेकमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे इनपुट कमांडमधला पत्ता साधारणपणे मुख्य फाइल जिथून चालवली त्या फोल्डरपासून मोजतात. वर्षानुवर्षं लाटेक वापरून ऑर्गकडे आलेली माणसं इथे हमखास अडखळतात, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

यासाठी एक छान चाचणी आहे. इन्क्लूडच्या ओळीवर कर्सर ठेवून कंट्रोल-सी आणि त्यानंतर एकेरी अवतरण चिन्ह दाबा. पत्ता बरोबर असेल तर ती फाइल समोर उघडते. नसेल तर फाइल नसल्याचं तिथेच कळतं, एक्सपोर्टची वाट पाहावी लागत नाही.

क्वचित एखादी फाइल फिरून स्वतःलाच जोडते. पहिली दुसरीला, दुसरी पुन्हा पहिलीला. ऑर्ग हे ओळखतो आणि "रिकर्सिव्ह फाइल इन्क्लूजन" असा एरर देऊन थांबतो.

नाव तेच दिसतंय, तरी फाइल नाही?

मराठीत फाइलची नावं देणाऱ्यांसाठी ही अडचण खास आहे, आणि इंग्रजी मदतपुस्तिकांमध्ये ती सहसा सापडत नाही.

"वऱ्हाड" हा शब्द घ्या. यातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत युनिकोडमधलं स्वतंत्र "ऱ" हे अक्षर, त्यापुढे हलन्त आणि मग ह. दुसऱ्या पद्धतीत साधा "र", हलन्त, त्यानंतर न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि मग ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकासाठी मात्र ती दोन वेगळी नावं आहेत. फाइलला नाव देताना एक कीबोर्ड आणि इन्क्लूडची ओळ लिहिताना दुसरा कीबोर्ड वापरला असेल, तर डोळ्यांना दिसणारी फाइल ऑर्गला दिसत नाही.

यात मॅकने एक तिसरी तऱ्हा जोडली होती. ॲपलची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावं साठवताना "ऱ" चे दोन तुकडे करायची, "र" आणि नुक्ता. २०१७ साली आलेल्या एपीएफएसने हे बंद केलं. पण जुन्या मॅकवर तयार झालेली फाइल लिनक्सवर आणली की तो तुटलेला ऱ सोबत येऊ शकतो.

"ॲ" चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी, आणि काही कीबोर्डवर आजही, "अ" लिहून त्यावर चंद्र लावला जातो. ऱ च्या दोन तुकड्यांना युनिकोड निदान एकच मानायची सोय देतो. "ॲ" आणि "अ अधिक चंद्र" यांना युनिकोड समान मानतच नाही. त्यामुळे नावं सारखी करून देणारी साधनंही इथे मदत करत नाहीत.

शंका आली तर इमॅक्समध्ये त्या अक्षरावर कर्सर ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स आणि बरोबरचं चिन्ह दाबा. अक्षराचा युनिकोड क्रमांक आणि नाव दिसेल. पण खरं सांगायचं तर मजकूर हवा तितका मराठीत लिहावा आणि फाइलची नावं रोमन लिपीत, स्मॉल अक्षरांत, स्पेस न देता ठेवावीत. भाषाप्रेमाला थोडं वाईट वाटेल, पण पीडीएफ निघेल.

एरर नाही, मजकूरही नाही

आता मूळ दुखण्याकडे. एक्सपोर्ट यशस्वी, पीडीएफ ताजी, आणि तरी प्रकरण नाही. अशा वेळी बहुधा ऑर्गने ती ओळ इन्क्लूडची ओळ म्हणून मोजलेलीच नसते.

हॅश आणि प्लस यांच्यामध्ये चुकून स्पेस पडली, तर ती ओळ "टिप्पणी" ठरते. हॅशनंतर स्पेस असलेली ओळ छापायची नाही, असा ऑर्गचा नियमच आहे. म्हणून ती मुकाट्याने वगळली जाते. इन्क्लूडच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमीजास्त झालं, तर ऑर्ग ते अनोळखी कीवर्ड समजून सोडून देतो. तक्रार करत नाही. कोलन विसरला तर मात्र ती ओळ जशीच्या तशी पीडीएफमध्ये छापली जाते. दिसायला वाईट, पण निदान लक्षात तरी येतं.

ओळ बरोबर असूनही ती चुकीच्या जागी असू शकते. कोडच्या किंवा उदाहरणाच्या चौकटीत अडकलेली इन्क्लूडची ओळ उलगडली जात नाही. मथळ्याच्या सुरुवातीला "कॉमेंट" हा शब्द असेल तर त्याखालचं सगळं वगळलं जातं. मथळ्याला "नोएक्सपोर्ट" हा टॅग असेल तरी तेच. हा टॅग तर फारच फसवा आहे, कारण तो लावलेला असतो महिन्यापूर्वी, "हे प्रकरण अजून कच्चं आहे" म्हणून. प्रकरण पक्कं होतं, टॅग तसाच राहतो.

एक्सपोर्टची व्याप्तीही तपासावी. मेनूमध्ये कंट्रोल-एस दाबलं की फक्त चालू मथळ्याखालचा भाग एक्सपोर्ट होतो. काम करताना इमॅक्सचा "नॅरो" वापरून फाइलचा एकच भाग समोर ठेवला असेल, तर एक्सपोर्टही तेवढाच होतो. दोन्ही सोयी कामाच्या आहेत, पण चालू आहेत हे विसरलं की अर्धाच दस्तऐवज बाहेर पडतो.

आणि एक कारण इतकं साधं आहे की ते सगळ्यात शेवटी सुचतं. मुख्य फाइल एक्सपोर्ट करताना ऑर्ग इमॅक्समध्ये उघडलेला मजकूर घेतो, सेव्ह केलेला नसला तरी. जोडलेली फाइल मात्र तो डिस्कवरून वाचतो. म्हणजे मुख्य फाइलमधला बदल न सेव्ह करताही पीडीएफमध्ये दिसतो आणि तिसऱ्या प्रकरणातला बदल सेव्ह केल्याशिवाय दिसत नाही. एकाच एडिटरचं हे दुहेरी वागणं माणसाला बुचकळ्यात पाडतं. उपाय एकच: एक्सपोर्टआधी कंट्रोल-एक्स आणि एस दाबून उघडलेल्या सगळ्या फाइल्स सेव्ह करणं.

मजकूर आला, पण मथळे विस्कटले

प्रकरण आलं आहे, पण त्यातले उपमथळे मथळ्यांसारखे न दिसता एक, दोन, तीन अशा यादीच्या मुद्द्यांसारखे छापले गेले आहेत. अनुक्रमणिकेतही ते नाहीत. हे पाहून अनेकांना वाटतं की फाइल बिघडली. तसं काही नसतं.

इन्क्लूडची ओळ ज्या मथळ्याखाली असेल, त्याच्या एक पायरी खाली जोडलेल्या फाइलचे मथळे सरकवले जातात. ओळ दोन ताऱ्यांच्या मथळ्याखाली असेल, तर जोडलेल्या फाइलमधला एक ताऱ्याचा मथळा तीन ताऱ्यांचा होतो, दोन ताऱ्यांचा चार ताऱ्यांचा. आणि ऑर्गच्या मूळ सेटिंगमध्ये पहिल्या तीन पायऱ्याच मथळे म्हणून छापल्या जातात. त्याखालच्या पायऱ्या यादीत बदलतात. लेखकाने स्वतः फक्त दोनच पायऱ्या वापरलेल्या असतात, म्हणून त्याला चौथी पायरी कुठून आली हे कळत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. मुख्य फाइलच्या ऑप्शन्सच्या ओळीत एच:५ असं लिहून जास्त पायऱ्यांना परवानगी देता येते. किंवा इन्क्लूडच्या ओळीच्या शेवटी :मिनलेव्हल १ असं लिहून आलेले मथळे थेट पहिल्या पायरीवर बसवता येतात. दुसऱ्या मार्गात ज्या मथळ्याखाली ओळ लिहिली, तो तिथेच संपतो आणि नवं प्रकरण सुरू होतं. बहुतेकदा तेच हवं असतं.

याच सरकवासरकवीचा आणखी एक परिणाम होतो. इन्क्लूडच्या ओळीनंतर मुख्य फाइलमध्ये एखादा समारोपाचा परिच्छेद लिहिला असेल, तर तो गायब होत नाही, पण भलत्याच जागी जातो. जोडलेल्या फाइलमधल्या शेवटच्या उपमथळ्याखाली. कारण मजकूर चिकटवला गेला की त्याच्या लगेच वर तोच मथळा असतो. त्या परिच्छेदाला स्वतःचा मथळा दिला की तो आपल्या जागी राहतो.

मुखपृष्ठावर पाच शीर्षकं एकापुढे एक

प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणेही एक्सपोर्ट करता यावं, म्हणून अनेक जण प्रत्येक फाइलच्या डोक्यावर शीर्षकाची ओळ लिहितात. सगळी प्रकरणं मुख्य फाइलमध्ये जोडली की ती सगळी शीर्षकं एकाला एक लागून मुखपृष्ठावर छापली जातात. हेही चिकटवण्याच्या क्रमामुळेच होतं. सेटिंग वाचण्याची वेळ येते तेव्हा पाचही ओळी एकाच दस्तऐवजात असतात. ऑप्शन्सच्या ओळींचंही तसंच. शेवटच्या प्रकरणात सहज लिहिलेली "अनुक्रमणिका नको" ही सूचना अख्ख्या प्रबंधाला लागू होऊ शकते.

काही जण यावर :लाइन्स "५-" असं लिहून पहिल्या चार ओळी टाळतात. चालतं, पण या पर्यायात एक खोच आहे. "५-१०" लिहिलं तर पाचवी ते नववी ओळ येते. दहावी येत नाही. शिवाय उद्या वरची एक ओळ कमी झाली की सगळी गणितं हलतात आणि परिच्छेदाची पहिली ओळ कापली जाते, तीही एररशिवाय. त्यापेक्षा फाइलच्या नावापुढे दोन कोलन, तारा आणि मथळ्याचं नाव लिहून फक्त तो मथळा आणि त्याखालचा मजकूर मागवणं सुरक्षित. मथळ्याचं नाव चुकलं तर ऑर्ग थांबून सांगतो. मथळा नको, फक्त आतला मजकूर हवा असेल तर :ओन्ली-कन्टेन्ट्स टी असं जोडायचं.

सगळ्या प्रकरणांना सारखी सेटिंग हवी असेल तर ती एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवून "सेटअपफाइल" या कीवर्डने जोडावी. इन्क्लूड आणि सेटअपफाइल यांची गल्लत करू नये. सेटअपफाइलमधून फक्त सेटिंग घेतली जाते, मजकूर नाही. प्रकरण चुकून सेटअपफाइल म्हणून जोडलं तर त्याचं एक अक्षरही छापलं जात नाही.

चित्रं, डेटा आणि लिंका

ऑर्गच्या चौकोनी कंसांत लिहिलेल्या चित्रांच्या लिंका वेगळ्या फोल्डरमधून आल्या, तर त्यांचे पत्ते नव्या आवृत्त्यांमध्ये आपोआप जुळवले जातात. पण प्रकरणात थेट लाटेकची कमांड लिहून चित्र घातलं असेल, तर तिकडे ऑर्ग लक्ष देत नाही. कोडच्या तुकड्यांचंही तसंच आहे. प्रकरणातला पायथनचा कोड शेजारच्या सीएसव्ही फाइलमधून आकडे वाचत असेल, तर प्रकरण एकटं एक्सपोर्ट करताना तो चालतो आणि मुख्य फाइलमधून करताना अडतो. कोड चालतो तेव्हा तो मुख्य फाइलच्या फोल्डरमध्ये उभा असतो. अशा ठिकाणी मुख्य फाइलच्या जागेवरून पत्ता लिहावा.

लिंकेचं गंतव्य सापडलं नाही तर ऑर्ग "अनेबल टू रिझॉल्व्ह लिंक" म्हणून पूर्ण एक्सपोर्ट थांबवतो. दुसऱ्या प्रकरणाचा तात्पुरता मसुदा काढायचा म्हणून बाकीच्या इन्क्लूडच्या ओळी बंद केल्या, तर हे हमखास होतं, कारण त्यातल्या लिंका बंद प्रकरणांकडे बोट दाखवत असतात. मसुद्यापुरतं ऑप्शन्समध्ये ब्रोकन-लिंक्स:मार्क लिहिलं की तुटलेल्या जागी खूण छापून काम पुढे सरकतं. अंतिम प्रतीआधी ते काढायला विसरू नका.

फाइल आली, अक्षरं आली नाहीत

मराठीत लिहिणाऱ्यांना एक शेवटचा अडथळा लागतो. मुख्य फाइल इंग्रजीत आहे, पीडीएफ नीट निघते. मराठी परिशिष्टाची फाइल जोडली की एकतर लाटेकचा एरर येतो किंवा पानं कोरी निघतात. दोष इन्क्लूडचा वाटतो, पण असतो पीडीएफ बनवणाऱ्या इंजिनाचा. ऑर्ग मूळ सेटिंगनुसार पीडीएफलाटेक वापरतो, आणि त्याला देवनागरी येत नाही. मुख्य फाइलमध्ये लाटेक कंपायलर म्हणून झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडावं लागतं.

तेवढं करूनही पानं कोरी दिसू शकतात. झीलाटेकला अक्षरं कळतात, पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ती गाळून तो पुढे जातो. पीडीएफ तयार होते. "मिसिंग कॅरेक्टर" अशी नोंद लॉग फाइलमध्ये राहते. नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्ट फॉन्टस्पेक पॅकेजमधून निवडून त्याला स्क्रिप्ट देवनागरी असल्याचं सांगितलं की जोडाक्षरंही नीट जुळतात. आणि परिशिष्ट जर जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टमधून कॉपी केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. ती युनिकोड अक्षरं नसतातच, म्हणून इंजिन किंवा फॉन्ट बदलून भागत नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो.

सगळं एकदम कसं पाहायचं?

चिकटवून झालेला पूर्ण दस्तऐवज पाहण्याची सोय ऑर्गमध्येच आहे. ऑर्गमधून ऑर्गमध्येच एक्सपोर्ट करायचं. एक्सपोर्ट-बॅकएंडच्या यादीत "ऑर्ग" हा पर्याय आधी चालू करावा लागतो. मग मेनूमध्ये कॅपिटल ओ दोनदा दाबलं की सगळे इन्क्लूड उलगडलेला मजकूर नव्या खिडकीत उघडतो. प्रकरण तिथेच नसेल तर दोष इन्क्लूडच्या ओळीचा, पत्त्याचा किंवा टॅगचा. तिथे असेल आणि पीडीएफमध्ये नसेल तर शोध लाटेकच्या बाजूला घ्यायचा. अर्धा तास वाचवणारी ही चाचणी फार कमी लोक करतात.

तरीही कारण सापडत नसेल तर इन्क्लूडच्या निम्म्या ओळींपुढे हॅश आणि स्पेस देऊन त्या बंद कराव्यात आणि पुन्हा एक्सपोर्ट करून पाहावं. अडचण कोणत्या निम्म्यात आहे ते कळतं, मग त्याचे पुन्हा दोन भाग. वीस फाइल्स असल्या तरी पाचेक फेऱ्यांत दोषी फाइल हाती येते.

२०२२ साली आलेल्या ऑर्ग ९.६ पासून इन्क्लूडच्या ओळीत इंटरनेटवरचा पत्ताही देता येतो. अशी फाइल उतरवण्याआधी ऑर्ग परवानगी विचारतो, आणि दुसऱ्या कुणाच्या ऑर्ग फाइलमध्ये असा पत्ता आढळला तर तो वाचल्याशिवाय होकार देऊ नये. आणलेल्या मजकुरात कोडचे तुकडेही असू शकतात, आणि ते चालवण्याचा टप्पा चिकटवण्यानंतरच येतो. स्वतःच्या दस्तऐवजात असा पत्ता वापरला असेल तर जमा करायच्या प्रतीआधी ती फाइल फोल्डरमध्ये उतरवून घेऊन ओळीत तिथला पत्ता लिहावा. नाहीतर परीक्षेच्या दिवशी नेट बंद असलं की एक्सपोर्टही बंद.